एका घंट्याचा रस्ता

माझ्या आत्याला तिच्या नवऱ्यानं टाकलं तेव्हा ती विशीचीही नव्हती. आमच्याकडं हाच शब्द वापरतात, टाकली. तो गुजरातेत, समुद्राकाठी जुनी जहाजं तोडतात तिथं कामाला गेला. पहिली एक-दोन वर्षं दिवाळीला आला, मग यायचा थांबला. तिकडं त्यानं दुसरी बाई केली, हे त्याच्याबरोबर गेलेल्या एका गड्यानं येऊन सांगितलं. आत्या माहेरी आली ती तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात, माझ्या वडिलांच्या घरात, आणि पुढची चाळीसएक वर्षं तिथंच राहिली.

कुंकू मात्र तिनं सोडलं नाही. सकाळी अंघोळ झाली की ती आरशासमोर उभी राहून एवढं मोठं कुंकू लावायची की गल्लीच्या टोकावरून दिसावं. कुणी हळदी-कुंकवाला बोलवायला विसरलं तर त्या घरी जाऊन भांडायची. "माझा मालक जित्ता हाय," म्हणायची. महालक्ष्म्यांचा सगळा थाट आमच्या घरी तीच करायची. मुखवटे उजळणं, साड्या नेसवणं, सोळा भाज्या, पुरण. त्या तीन दिवसांत तिच्या वाऱ्याला उभं राहायची कुणाची हिंमत नसायची.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मला आणि दादाला आत्यानं वाढवलं. प्रेमानं वाढवलं असं मी म्हणणार नाही. चुलीची फुंकणी तिच्या हाताशी असायची आणि ती चुलीपेक्षा आमच्या पाठीवरच जास्त चालायची. पण दहावीनंतर मला जालन्याला शिकायला ठेवावं म्हणून वडिलांशी भांडली, जेवण सोडून बसली, तीही तीच. मी आज जालन्यात शाळेत शिकवते ते तिच्या त्या भांडणामुळं. त्याबद्दल मी कधी आभार मानायला गेले असते तर तिनं फुंकणीच उचलली असती.

दादाचं तीर्थपुरीला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. त्याचं लग्न झालं, वहिनी घरात आल्या, आणि आत्याला हक्काचं माणूस मिळालं. वहिनींनी घासलेली भांडी ती पुन्हा घासायला लावायची. त्यांनी केलेला चहा तोंडाला लावून परत द्यायची. त्यांच्या माहेरचं कुणी आलं की ओसरीत बसून, त्या माणसाला ऐकू जाईल असं, शेजारणीला त्यांच्या चुका सांगायची. वहिनी शांत बाई. त्यांनी वर्षानुवर्षं ऐकून घेतलं.

लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी वहिनींना दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पोट पडलं. मी भेटायला गेले होते. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, गल्लीतल्या दोन-चार बाया आल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, लहान वय आहे, होईल पुन्हा. तेव्हा आत्या दारातून म्हणाली, "म्हशीनं टाकलं तर आपुन दुसरी आणतो."

वहिनींनी पदर तोंडावर घेतला नाही, रडल्याही नाहीत. नुसत्या आत्याकडं बघत राहिल्या. पुढं त्यांना मुलगी झाली, पण आत्याशी त्यांनी कामापलीकडं शब्द बोलला नाही.

वडील गेले आणि घरात आत्याच्या बाजूनं बोलणारं कुणी उरलं नाही. त्यानंतर वर्षभरानं दादाच्या दुकानात एक फोन आला. आत्याच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बाईचा मुलगा बोलत होता. त्याची आई मागच्याच वर्षी वारली होती. बापाला लकवा मारला होता, उजवं अंग गेलं होतं. बापाचं करायला घरात कुणी नाही, म्हणाला. "बडी माँ को भेज दो, उनका हक बनता है."

हक हा शब्द त्यानं बराबर वापरला. चाळीस वर्षं कुणाला न आठवलेला हक. मी हे ऐकलं तेव्हा दादाला फोनवर म्हणाले, त्याला तोंडावर नाही सांग. दादा म्हणाला, आत्यालाच विचारतो. आणि आत्या हो म्हणाली. हे मला खोटं वाटलं म्हणून मी रविवारी गावी गेले. आत्या पेटी उघडून साड्या लावत होती. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, सुजल्यासारखा, लाल. मला म्हणाली, "सवत मेली. आता बोलावलं त्यानं."

मी म्हटलं, त्यानं नाही, त्याच्या पोरानं बोलावलंय, गू-मूत काढायला. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिला जायचं होतं. पण गाव सोडायचं नव्हतं. कायमची जात न्हाई, म्हणाली. पंधरा दिवस तिथं, पंधरा दिवस इथं. आणि हे जमणार होतं, कारण दादानं तिला सांगितलं होतं की विमानानं एक घंटा लागतो.

आमच्याकडं अंतर असंच सांगतात. कुठलं गाव किती लांब असं विचारलं तर कुणी किलोमीटर सांगत नाही. घंटाभर, अर्धा घंटा, नाहीतर सकाळी निघालं की दुपार. तीर्थपुरीहून जीपमध्ये बसलं की माणसं भरत, उतरवत अंबडला पोचायला घंटाभर जातो. आत्या आयुष्यात अंबड आणि जालन्यापलीकडं गेली नव्हती. तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं, नवऱ्याचं गाव अंबडइतकं लांब आहे, फक्त वरून जावं लागतं.

दादाला विमानाची माहिती होती. एका बियाण्याच्या कंपनीनं दुकानदारांना एकदा विमानानं फिरवून आणलं होतं, तेव्हापासून तो विमानाबद्दल अधिकारानं बोलायचा. त्या वर्षी संभाजीनगरहून खंभातच्या आखातापलीकडच्या त्या शहराला पंख्याचं एक लहान विमान सुरू झालं होतं. दोन लहान विमानतळं, मध्ये कुठं थांबायचं नाही. दादानं दोघांचं तिकीट काढलं. तो सोडून येणार होता.

पेरण्या उरकल्यावर ते निघाले. चिकलठाण्याचं विमानतळ जालना रोडवरच आहे, म्हणून मी एसटीनं जाऊन गेटवर उतरले आणि त्यांना तिथं भेटले. आत्यानं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, नाकात नथ घातली होती. आजूबाजूची माणसं वळून बघत होती आणि तिला ते कळत होतं. मी दादाला बाजूला घेऊन विचारलं, परत कशी येणार ती? तो म्हणाला, "विमान हाय की. त्यो पोरगा बसवून देईल, मी इकडून उतरवून घेईन." आत्या मला म्हणाली, महालक्ष्म्यांच्या आधी येते, डाळी निवडून ठेव. मग दारावरच्या जवानानं तिची पिशवी तपासली, तिच्या पिशवीतला अडकित्ता बाजूला काढला, आणि ती त्याच्याशी भांडत भांडत आत गेली.

पहिला फोन तिनं दुसऱ्याच दिवशी केला. दादानं तिला बटणाचा फोन घेऊन दिला होता, एक दाबलं की दादा, दोन दाबलं की मी. आवाजात नुसता रुबाब. म्हणाली, "बसले न बसले तर उतरले बी. मधी पैठणचं धरण लागलं. केवढं पाणी हाय गं, संपता संपंना."

मला आधी हसू आलं. पैठण विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला, त्या वाटेवर येतच नाही. मी फोनवर नकाशा उघडून बघितला. संभाजीनगर आणि ते शहर यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली तर ती खंभातच्या आखातावरून जाते. तिनं पाहिलेलं पाणी समुद्राचं होतं. आणि जमिनीवरून जायचं तर ते सगळं आखात वळसा घालून, सुरत, बडोदा, अहमदाबाद करत, मग पुन्हा खाली उतरावं लागतं. रेघेच्या दुपटीहून जास्त. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, तिनंच विचारलं हे पैठणचं धरण का म्हणून, मी हो म्हटलं, म्हातारीला समुद्र सांगून कशाला घाबरवायचं? मला ते पटलं.

नंतरच्या फोनवर रुबाब कमी होत गेला. नवऱ्याला बोलता येत नाही, म्हणाली. तोंडातून एकच शब्द निघतो आणि तो त्या बाईचं नाव आहे. पाणी पाहिजे तरी तेच, कूस बदलायची तरी तेच. घरात सगळे गुजराती बोलतात. सून जेवणाचं ताट वरच्या खोलीत सरकवून जाते. मग म्हणाली, पंधरा दिवस होऊन गेले, बसवून द्या म्हटलं की पोरगा नुसता मान हलवतो. मी म्हटलं, दादाशी बोल. तर दादा फोन उचलत नाही म्हणाली.

महालक्ष्म्या जवळ आल्या तसे तिचे फोन वाढले. आणि त्याच सुमारास शाळेतल्या एका सरांनी सहज सांगितलं की ते विमान बंद झालं, माणसंच मिळत नव्हती. मी त्याच दुपारी तिला फोन करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं नाही. रस्ता असा बंद होतो का, म्हणाली. पूर आला तरी दोन दिवसांनी जीप चालू होते.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन, रिक्षा करून, एकटी विमानतळावर गेली. दारावरच्या माणसाला जालना म्हणाली, मग औरंगाबाद म्हणाली. त्यानं हिंदीत सांगितलं, माजी, उधर का जहाज अब नहीं जाता. ती म्हणाली, मी ह्याच दारातून आले. ती बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिली. उन्हं कलली तेव्हा विमानतळावरच्या लोकांनीच कुणाकडून तरी तिला घरी पोचवलं. ती पुन्हा गेली. पुन्हा परत आणली. मला फोनवर सांगताना ती रडत नव्हती, संतापली होती. दारावरचे लोक खोटं बोलून राह्यले, असं तिचं म्हणणं होतं. "एका घंट्याचा रस्ता, अन् मला सोडना झालेत." तिसऱ्यांदा ती गेली त्यानंतर तिचा फोन बंद लागायला लागला. त्या मुलाला लावला तर तो म्हणाला, सब ठीक है, दवाई लेके सोई है. दर वेळी ती दवाई घेऊनच झोपलेली असायची.

त्या वर्षी आमच्या घरच्या महालक्ष्म्या वहिनींनी एकट्यानं बसवल्या. मी गेले नाही. नंतर एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी थेट तीर्थपुरीला दुकानात गेले. हरभऱ्याच्या बियाण्याला गिऱ्हाईक सुरू झालं होतं. दादानं मला आतल्या बाजूला पोत्यांवर बसायला सांगितलं, दोन गिऱ्हाइकं मिटवली आणि मग आला. मी त्याला विचारलं, विमान बंद होणार हे तुला माहीत होतं का? त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. तिकीट काढतानाच पुढच्या महिन्यातलं काही दिसत नव्हतं, म्हणाला. परतीचं त्यानं स्वतःचं तेवढं काढलं होतं.

मी म्हटलं, मग विमानानं नेलंसच कशाला? रेल्वेनं न्यायचं.

"रेल्वेनं नेलं अस्तं तर तिला वाट कळली अस्ती," दादा म्हणाला. "दिवसभर खिडकीत बसली अस्ती, टेसनं मोजली अस्ती, बडोद्यातूनच उतरून माघारी आली अस्ती. तू वळखती तिला. विमानात काय कळतं? ढग बघितले, चहा पिली, उतरली."

औषधाचं प्रमाण गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तशा आवाजात त्यानं हे सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल किंवा मान खाली घालेल. तो म्हणाला, त्याच्या बायकोनं त्याला दोनच गोष्टी समोर ठेवल्या होत्या, ती राहील नाहीतर मी. आणि हे स्थळ चालून आलं. स्थळ हाच शब्द वापरला. वर म्हणाला, नवऱ्याच्या घरीच नेऊन घातलंय, कुठं रस्त्यावर सोडलं नाही. कुणीही मला नावं ठेवणार नाही. आणि ते खरं होतं. गावात सगळे म्हणत होते, म्हातारपणी का होईना, बाई आपल्या घरी गेली.

मी रजा टाकली आणि निघाले. माझे मिस्टर म्हणाले, तुझ्या भावाचं काम तू का करतेस? जालन्याहून मनमाड, तिथून भुसावळ, मग सुरत, अहमदाबाद, आणि शेवटी बस. गाड्या चुकल्या, फलाटांवर बसले, संडासाजवळ उभं राहून गेले. बसमधून उतरले तेव्हा पाय सुजले होते आणि सकाळ झाली होती की दुपार हे क्षणभर कळेना.

घर बाजारपेठेच्या मागं होतं, खाली दुकान, वर दोन खोल्या, त्यावर पत्र्याची एक खोली. पोराची बायको मला वर घेऊन गेली. त्या खोलीला बाहेरून कडी होती. तिनं ती माझ्यासमोर सरकवली, जराही न लाजता.

आत्या खाटेच्या कडेला बसली होती, माझ्याकडं पाठ होती. खाटेवर एक माणूस होता. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. हाडं आणि दाढी. ओठ कोरडे पडून चिरले होते. आत्याच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिनं त्याच्या तोंडाजवळ नेला आणि थांबवला. "म्हण," ती म्हणाली. "माझं नाव म्हण."

त्यानं ओठ हलवले. त्या दुसऱ्या बाईचं नाव आलं. आत्यानं पेला मागं घेतला. पुन्हा म्हणाली, माझं नाव म्हण. तो डोळे पेल्यावर लावून पुन्हा तेच नाव म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. असं किती वेळ चाललं असेल कुणास ठाऊक. मी दारातच उभी होते. शेवटी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिनं त्याच्या मानेखाली हात घातला, पेला लावला, आणि सांडलेलं पाणी पदरानं पुसलं. अगदी बराबर पुसलं, एखाद्या पोराचं पुसावं तसं. मग वळली आणि तिला मी दिसले.

ती दचकली नाही. म्हणाली, "लई दिवस लावलेस."

त्या मुलाशी माझं भांडण खालच्या दुकानात झालं. तो म्हणाला, इनको ले जाओगे तो बाप को कौन देखेगा? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, ती त्याची बायको आहे, तुम्हीच आणून सोडलीत, आता मला कायदा सांगू नका. मी पोलिसांचं नाव काढलं. तेव्हा त्यानं तिचा फोन गल्ल्यातून काढून माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, ले जाओ, पानी के लिए तडपाती है उसको. त्याला ते माहीत होतं. माहीत असून त्यानं कडी लावून ठेवली होती, कारण गू-मूत ती काढत होती.

निघताना आत्यानं नवऱ्याची चादर बदलली, कूस बदलली. तो तिच्याकडं बघत तेच नाव म्हणाला. ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर मी तिला बसमध्ये खिडकीशी बसवलं. सुरुवातीला ती बरी होती. घर दिसल्यावर काय करायचं हे बोलत होती, वहिनीनं महालक्ष्म्यांचे मुखवटे नीट उजळले असतील का म्हणून विचारत होती. मग दोन तास गेले, तीन गेले. अहमदाबादला उतरून गाडीत बसलो, गाडी निघाली, आणि तिचं बोलणं कमी झालं. खिडकीतून गावं जात होती, पाट्या जात होत्या, तिला वाचता येत नव्हत्या पण मी वाचून सांगत होते. तिनं विचारलं, अजून किती? मी म्हटलं, अजून बडोदासुद्धा आलं नाही. तिनं विचारलं, मग धरण कधी लागतं?

"आत्या, ते धरण नव्हतं. समुद्र होता," मी म्हणाले. "आपण त्याला वळसा घालून चाललोय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मी खोटं सांगत नाही याची खात्री करायची असल्यासारखी शेजारच्या बाईकडं बघितलं, जिला मराठी कळत नव्हतं. मग म्हणाली, "त्यानं सांगितलं मला, पैठणचं म्हणून. म्हंजी त्याला म्हाईत होतं."

सुरत आलं, गेलं. मी दिलेली पोळी तिनं खाल्ली नाही, पाणी प्यायली नाही. मनमाडच्या फलाटावर उतरताना मी तिचा हात धरला, तर तिनं तो झटकला. एवढंच म्हणाली, मला त्याच्या दुकानासमोर उतरव.

मी तिला जालन्यात माझ्या घरी एक दिवस ठेवली आणि मग तीर्थपुरीला नेली. तिनं पुन्हा ते इरकल नेसलं, कुंकू लावलं. दादा दुकानात होता. आम्हाला बघून उठला, बाहेर आला, तिच्या पाया पडला. गिऱ्हाईक बघत होतं. मला वाटलं ती आता चपलेनं मारेल, गाव गोळा करेल. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण ओरडलीही नाही. हळू आवाजात म्हणाली, "मला आता वाट म्हाईत झाली." दादानं मान डोलावली, आम्हाला जीपमध्ये बसवलं, आणि स्वतः मोटारसायकलीवर पुढं राहून गावातल्या घरी आणलं.

आत्याची खोली राहिली नव्हती. तिच्या खाटेच्या जागी ठिबकच्या नळ्यांची वेटोळी रचली होती, पेटी गोठ्यात गेली होती. वहिनी बाहेर आल्या. मी पाहिलं, त्यांची तब्येत सुधारली होती, चेहरा भरला होता. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. आत्यानं नळ्यांकडं बोट दाखवून विचारलं, हे काय? वहिनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून म्हणाल्या, "म्हशीनं टाकलं तर आपण दुसरी आणतो. तुम्हीच म्हणल्या होत्या. आम्ही जागा दुसऱ्या सामानाला दिली."

दादा अंगणात उभा होता, त्यानं ऐकलं, तो मोटारसायकल पुसत राहिला.

आत्या त्या घरात पाणी न पिता उठली. जीपमध्ये, अंबडच्या रस्त्यावर, तिनं मला विचारलं, "मी आसं म्हणले होते?" मी हो म्हटलं. तिनं आठवून बघितलं. तिला आठवलं नाही. वहिनींना ते एक वाक्य दिवस-रात्र आठवत होतं, आणि जी बोलली तिच्या डोक्यात त्याचा मागमूस नव्हता. अंबड येईपर्यंत तिनं आणखी दोनदा विचारलं, कधी म्हणले, कुणाम्होरं म्हणले. मग म्हणाली, "म्हणले आसंल. त्यात काय एवढं."

तेव्हापासून ती माझ्याकडं आहे. दिवाळी उरकल्यावर तिचा नवरा गेला. मुलानं सगळं आटोपल्यावर फोन करून कळवलं. मी आत्याला सांगितलं. ती न्हाणीघरात गेली, बाहेर आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं. खुर्चीवर बसली, चहा मागितला, आणि एक घोट घेऊन पातळ झालाय म्हणून कप परत दिला. दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. वहिनी आल्या, एकट्या, जीप आणि एसटी बदलत. आत्याजवळ तासभर बसल्या. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना वहिनींनी सगळ्यांचे कप धुवून ठेवले. त्या गेल्यावर आत्यानं ते पुन्हा धुवायला लावले, मला.

आता फुंकणी नाही, पण तिला तिची गरज पडत नाही. माझ्या मुलीच्या कपड्यांवरून ती तिला जे बोलते ते मी इथं लिहिणार नाही. मुलगी तिच्या खोलीतून बाहेर येईनाशी झाली आहे. मिस्टर आधी गप्प होते. गेल्या महिन्यात जेवताना त्यांनी हळूच विचारलं, पैठणकडं म्हाताऱ्या माणसांसाठी एक चांगली जागा निघालीय म्हणे, बघून यायचं का? मी ताट तसंच ठेवून उठले आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले. ती जागा कशी आहे हे मीच विचारलं, आणि मग पुढं काही ठरवलं नाही.

परवा गावाकडची एक बाई तिला भेटायला आली होती. मी आत चहा टाकत होते. आत्या बाहेर सांगत होती की भाचीनं तिला स्वतःच्या गरजेसाठी उचलून आणलं, घरात कुणी काम करणारं नव्हतं म्हणून; नवऱ्याच्या घरी ती सुखात होती, शेवटच्या दिवसात तो सारखा तिचंच नाव घ्यायचा. बाई हं हं म्हणत होती. मी कप ट्रेत ठेवले, बाहेर नेले, आधी पाहुणीला दिला, मग आत्याला. तिनं एक घोट घेतला आणि माझ्याकडं न बघता कप परत सरकवला.